कोरड्या भाकरीतला गूळ

आज जेवताना कुणीतरी घास न चावता गिळलाय. मी नाव घेणार नाही. ज्याने गिळलाय त्याला ते ठाऊक आहे, आणि त्याच्या पोटाला तर चांगलंच ठाऊक आहे. मघापासून एका पांघरुणाखालून गुरगुर ऐकू येतेय. हसू नका. पाय आत घ्या, उशा नीट करा. पोट कुरकुरतंय तोवर झोप काही यायची नाही, मग गोष्ट तरी ऐका.

एक होता राजा. त्याचं खरं नाव इतकं लांब होतं, की भालदार ते पुरतं उच्चारेपर्यंत राजा दरबारात येऊन, बसून, उठून निघूनही गेलेला असायचा. म्हणून लोक त्याला लगबगराजा म्हणायचे. पाठीमागे, बरं का. तोंडावर आपलं महाराजच.

राजा काही वाईट नव्हता. त्याने तळी खोदली, रस्त्यांच्या कडेने झाडं लावली, लेकीवर तर त्याचा जीवच होता. पण जेवायला बसला की त्याला काय व्हायचं कोण जाणे! पाटावर बसला, पाच घास घशाखाली लोटले, की उठला. का म्हणून? तेही सांगते.

त्याच्या आजोबांच्या वेळी काय झालं, एकदा भर पंगतीत शत्रू वेशीपर्यंत येऊन ठेपला. आजोबांनी ताटात होतं ते तोंडात कोंबलं, गिळलं, घोड्यावर उडी मारली आणि शत्रूला पळवून लावलं. छान केलं. त्या दिवशी तसंच करायला हवं होतं. पण मग लोकांनी काय केलं? त्याचीच रीत करून टाकली! राजाने रोज जेवायचं ते शत्रू वेशीवर आल्यासारखं. राजवाड्याच्या दारात एक मोठी पितळी घंटा टांगली. राजाने हात धुतला की घंटा वाजायची, आणि घंटा वाजली की सगळ्यांनी ताटावरून उठायचं. पंगतीतल्यांनी तर उठायचंच, पण घंटेचा आवाज साऱ्या नगरात जायचा, म्हणून घराघरांतल्या माणसांनीही उठायचं. ताटात काही का उरेना.

तो शत्रू मेला. त्याचा घोडा मेला. त्या घोड्याचा नातू म्हातारा होऊन गवत चघळत बसला. घंटा मात्र रोज वाजतेच आहे. साठ वर्षं! नगरात एवढे पंडित, एवढे प्रधान, एवढाल्या पगड्या. एकाने तरी विचारावं, की अहो, शत्रू कुठाय? कुणीच विचारलं नाही. मला तर बाई रागच येतो.

मग नगराचं काय झालं? सगळे घास न चावताच गिळायचे. घंटा वाजायच्या आत पोटात पडलं तेवढं आपलं. मग दुपारभर सगळं नगर पोट धरून बसायचं. कुंभाराचा एक हात मडक्यावर आणि एक हात पोटावर, म्हणून त्या नगरातली सगळी मडकी एका बाजूला कललेली. गुरुजी पाढे सांगायचे, "सात एके सात, सात दुणे…" आणि मध्येच ढेकर. मुलांना वाटायचं, पाढा असाच असतो. मुलंही तिथे ढेकर द्यायची.

आणि घंटा कोण वाजवायचं? सावबा नावाचा एक म्हातारा. त्याच्या तोंडात दोनच दात. एक वर, एक खाली, आणि त्या दोघांची आयुष्यात कधी गाठ पडलेली नाही. सावबाचं ताट घंटेखालीच वाढलेलं असायचं. बिचाऱ्याचा पहिला घास तोंडात जरा कुठे मऊ होतोय, तोवर राजा हात धुवायला निघायचा. लगेच घे दोरी, वाजव घंटा. पंगतीत शेवटी ताक वाढतात ना? चाळीस वर्षांत सावबाला त्या ताकाचा थेंब मिळाला नव्हता. ताक यायच्या आधीच घंटा.

आता राजाची लेक. तिचं नाव शेवंती. सात वर्षांची, एवढुशी. तिचं तोंड लहान, घास लहान, दातही अर्धे पडलेले. ती हळू जेवायची. हळू जेवली तर घंटा वाजायची आणि ती उपाशीच उठायची. दुसऱ्या दिवशी ती भराभर गिळायची, मग रात्रभर पोट दुखायचं. एक दिवस उपाशी, एक दिवस पोटदुखी. असं करता करता पोरगी वाळत चालली. मग खेळेनाशी झाली. मग बोलेनाशी झाली. आणि मग एके दिवशी तिने उशीवरून डोकंच उचललं नाही. राजाने तिचा हात हातात घेतला, तर तो चिंचेच्या काडीसारखा लागला. राजा घाबरला. शत्रूला न भिणारा राजा, पण घाबरला.

मग वैद्य आले. पहिल्या वैद्याने शेवंतीचं पोट दाबून पाहिलं आणि काडेचिराइताचा काढा दिला. इतका कडू, की शेजारी उभ्या दासीचंही तोंड वाकडं झालं. पोट दुखायचं थांबलं नाही. दुसऱ्या वैद्याने पोटावर कान ठेवला आणि सांगितलं, एरंडेल चोळा, वरून गरम विटेचा शेक द्या. पोटाची कातडी लाल झाली. पोट दुखायचं थांबलं नाही. तिसरा वैद्य सगळ्यांत मोठा, त्याची पालखीसुद्धा वेगळी. त्याने पोटावर बोटांनी टकटक केलं आणि म्हणाला, "हिला काही खायलाच देऊ नका." आता काय म्हणावं! आधीच पोरगी उपाशी.

तीन वैद्य आले, तिघांनीही पोट पाहिलं. ती जेवते कशी हे बघावं, असं एकाच्याही मनात आलं नाही.

मग राजाने दवंडी पिटवली. "ऐका हो ऐका! जो कुणी राजकन्येला बरं करील, त्याला मागेल ते मिळेल हो!" दवंडीवाला नगरात फिरला, वेशीबाहेर गेला आणि फिरता फिरता टेकडीच्या पायथ्याशी पोचला.

त्या टेकडीवर धुरपदाबाई शेळ्या चारायची. ही काही वैद्य नव्हती. तिच्याजवळ काय होतं? अकरा शेळ्या, एक काठी आणि फडक्यात बांधलेली ज्वारीची भाकरी. पण टेकडी दूर होती, बरं का. घंटेचा आवाज तिथवर पोचायचा नाही. त्यामुळे धुरपदाबाई दगडावर बसून आरामात जेवायची. कधी भाकरीबरोबर कांदा असायचा, कधी तोही नसायचा. तरी तिचं पोट उभ्या जन्मात एकदाही दुखलं नव्हतं.

दवंडी ऐकून तिने शेळ्या शेजारणीकडे सोपवल्या आणि ती राजवाड्याच्या दारात येऊन उभी राहिली. घंटेखाली सावबा बसला होता.

"काय गं बाई, काय काम आहे?"

"राजाच्या लेकीला बघाया आलेय."

"तू? तीन वैद्य हात टेकून गेले. तुझी औषधाची पेटी कुठाय?"

"पेटी न्हाई. भाकरी हाय."

सावबा हसला. त्याचे दोन्ही दात दिसले. "जा आत," तो म्हणाला. "भाकरी घेऊन आलेलं माणूस वाईट नसतं."

आत गेल्यावर धुरपदाबाईने पोटाकडे पाहिलंच नाही. ती म्हणाली, "म्हाराज, पोरीला उठवून बसवा. मला तिला जेवताना बघायचंय."

"जेवताना?" राजा म्हणाला. "दुखतंय पोट, आणि तू जेवण काय बघतेस?"

"बघू तर द्या."

मग पानं मांडली. दासीने शेवंतीला टेकू देऊन बसवलं. सगळे दरबारी बसले. आणि मग धुरपदाबाईला काय दिसलं? राजाचा हात खाली, हात वर, घास गडप. खाली, वर, गडप. त्याची हनुवटी एकदासुद्धा हलली नाही! शेवंती बापाकडे बघत बघत तसंच करायला जात होती. डोळ्यांत पाणी यायचं आणि घास घशात अडकायचा. मग घण्‌ण! घंटा झाली आणि सगळे उठले.

धुरपदाबाई मात्र बसूनच राहिली. कपाळाला हात लावून म्हणाली, "अगं आई गं. पोरीचं पोट एकदम चांगलं हाय, म्हाराज. बिचारं दोघांचं काम एकटं करून दमलंय. तोंडाचं काम तुम्ही पोटावर ढकललंय. पोटाला दात हायेत का?"

राजाचा चेहरा लाल झाला. "आमची साठ वर्षांची रीत आहे ही! तोंडाचं काय काम असतं? तोंड म्हणजे दार. दारातून आत जायचं, दारात बसायचं नाही."

"दार न्हाई, म्हाराज. तोंड म्हंजे सैपाकघर. रांधायला सुरवात तिथंच हुते."

"दाखव मग!"

"दाखवते. कोरडी भाकरी गोड करून दाखवते. गूळ न्हाई, साखर न्हाई, मध न्हाई. पीठ तुमचं, आचारी तुमचा. न्हाई झाली गोड, तर माझ्या अकराच्या अकरा शेळ्या तुमच्या."

"आणि झाली तर?"

धुरपदाबाईने दाराकडे बोट केलं. "तर ती घंटा माझी."

सगळे दरबारी हसायला लागले. कोरडी भाकरी गोड होते होय कधी? राजा म्हणाला, "ठीक. घंटा तुझी."

मग चूल दरबारातच मांडली. प्रधानाने पिठाचा डबा स्वतः हुंगून पाहिला. आचाऱ्याचे हात धुऊन घेतले, त्याचा कमरेचा बटवासुद्धा काढून ठेवला. मग आचाऱ्याने पीठ मळलं, भाकरी थापली, तव्यावर टाकली. मग निखाऱ्यावर उभी करून शेकली. ती टम्म फुगली आणि दरबारभर असा खमंग वास सुटला म्हणता! दरबारी आवंढे गिळायला लागले. प्रधानाने तर हळूच ओठ पुसले.

"बघा, बघा," धुरपदाबाई म्हणाली. "घास अजून चुलीवर हाय आणि तोंडाला पाणी सुटलंय. तोंडाला कळलं, जेवण येतंय. काम सुरूबी झालं. पोट अजून निजलंय."

मग तिने भाकरीचा एक तुकडा मोडून राजाच्या हातात दिला. "म्हाराज, चावा."

राजाने तुकडा तोंडात टाकला आणि गडप! सवय ना. टाकल्या टाकल्या गेलासुद्धा.

"गोड लागला?" धुरपदाबाईने विचारलं.

"लागला कुठे? गेला तो!"

तिने दुसरा तुकडा दिला. या वेळी राजाने चावला. एकदा, दोनदा, असं सात वेळा चावला. मग त्याला वाटलं, झालं की आता. आणि गिळला. "कसला गोड नि कसलं काय," तो म्हणाला. "पिठूळ लागतोय. तुझ्या शेळ्या गेल्या, बाई."

दरबारी पुन्हा हसले. धुरपदाबाईला आपल्या अकरा शेळ्या डोळ्यांपुढे दिसल्या. पण तिने शेवंतीकडे पाहिलं. पोरगी टेकून बसली होती आणि भाकरीकडे टक लावून बघत होती. मग धुरपदाबाईने आणखी एक तुकडा मोडला, त्याचे दोन केले, एक राजाला दिला आणि एक शेवंतीला.

"म्हाराज, आता एक करा. लेकीकडं बघा. ती चावतेय तवर तुम्ही चावायचं. ती गिळल तवा गिळायचं. तिच्या आधी न्हाई. आन् पोरी, तुला कुणी घाई करणार न्हाई. असतील तेवढ्या दातांनी चाव, पण चाव."

मग बापलेक समोरासमोर बसले. शेवंती चावायला लागली. राजा तिच्या तोंडाकडे बघत चावायला लागला. दहा झाले, पंधरा झाले. राजाचा पाय हलायला लागला. बाहेर सावबाचा हात सवयीने दोरीकडे गेला, मग त्याने तो दुसऱ्या हाताने धरून ठेवला. वीस झाले. राजाला आपला स्वतःचा जबडा दुखतोय हे पहिल्यांदाच कळलं. पंचवीस झाले. भाकरी आधी खरखरीत होती, मग तिचं पीठ झालं, मग त्या पिठाची पातळ पेज झाली. तीस झाले. तरी शेवंती चावतेच आहे. राजाला वाटलं, गिळावं. तेवढ्यात त्याने तिचा चेहरा पाहिला. तिचे डोळे मोठे मोठे होत चालले होते.

आणि राजा चावायचाच थांबला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग घास गालात सारून तो केवढ्यांदा ओरडला, "कुणीतरी भाकरीत गूळ घातलाय!"

"नाही, सरकार!" आचाऱ्याने दोन्ही रिकामे हात पुढे केले. "माझा बटवासुद्धा तुमच्याकडेच आहे!"

"मग हे गोड कुठून आलं?"

तेव्हा शेवंती बोलली. कितीतरी दिवसांनी बोलली. गाल फुगलेले, तोंडात घास, तशीच म्हणाली, "आबा, माझ्या तोंडातपण घातलाय!" आणि हसली.

तिचं हसणं ऐकलं आणि राजाचे डोळे भरून आले. लेकीने घास गिळला, तेव्हा त्यानेही गिळला. तिच्या आधी नाही.

मग तो धुरपदाबाईला हात जोडून म्हणाला, "बाई, ही कसली जादू?"

"जादू कसली आलीय? टेकडीवर कालवण नसलं की आम्ही भाकरीलाच भाकरीचं कालवण करतो. गोडी दाण्यातच असते, म्हाराज, पर गाठोडीत गाठ मारून ठेवलेली. दात ती गाठोडी फोडतात, जीभ मळते, आन् तोंडातलं पाणी गाठ सोडतं. मग अर्धं सोपं झालेलं जेवण पोटाकडं जातं. पोट म्हणतं, आलास का बाबा, ये. सगळं काम तोंड करत न्हाई. पोटाला त्याचं काम हायेच की. पर सुरवात हितं." आणि तिने आपल्या गालावर बोट ठेवलं.

आणि हे खरं आहे, बरं का. राजा मी रचला, घंटा मी रचली, आचाऱ्याचा बटवाही रचला. पण भाकरीतला गूळ रचलेला नाही. उद्या करून बघा. नुसती भाकरी घ्या, किंवा पोळी घ्या, वर काही लावू नका, आणि चावत राहा. कंटाळा येईल, तरी चावत राहा. मग मला येऊन सांगा. आजी म्हणते म्हणून मानायचं नाही. स्वतःच्या जिभेला विचारायचं.

मग शेवंतीचं काय झालं? एका घासाने कुणी बरं होत नाही. त्या दिवशी तिने चतकोर भाकरी खाल्ली, दुपार होईपर्यंत खाल्ली, आणि त्या रात्री तिचं पोट दुखलं नाही. दुसऱ्या दिवशी अर्धी खाल्ली. चौथ्या दिवशी ती उशी टाकून अंगणात गेली. आणि पंधराव्या दिवशी तिने प्रधानाची पगडी पळवली. तेव्हा राजा म्हणाला, "झाली गं बाई माझी पोर बरी."

घंटा धुरपदाबाईची झाली. शब्द म्हणजे शब्द. ती म्हणाली, "एवढी मोठी घंटा माझ्या कुठल्या शेळीच्या गळ्यात बांधू? राहू दे हितंच. पर माझी हाय, तर वाजल माझ्या म्हणण्यानं. राजाचं जेवण झालं की वाजायची न्हाई. पंगतीतल्या शेवटच्या माणसाचा शेवटचा घास झाला की वाजायची. तवर कुणी उठायचं न्हाई. राजानंबी न्हाई."

प्रधान म्हणाला, "अहो, पण साठ वर्षांची रीत…"

राजा म्हणाला, "प्रधानजी, शत्रू कुठाय?"

प्रधानाने वेशीकडे पाहिलं. तिथे एक म्हातारा घोडा गवत चघळत उभा होता. सावकाश.

धुरपदाबाई टेकडीवर गेली, तिच्या शेळ्या तिला भेटल्या. नगरातली मडकी सरळ झाली. गुरुजींचा सातचा पाढा ढेकर न येता दहापर्यंत पोचला. राजा सुखात, शेवंती सुखात, आणि सगळ्यांची पोटं तर फारच सुखात.

आता मिटा डोळे. मघाचं ते गुरगुरणारं पोटही गप्प झालंय. कुणाचं ते मी अजूनही विचारत नाही. उद्या त्याने सावकाश जेवावं म्हणजे झालं. तुम्ही झोपा. मिटल्या डोळ्यांनीच बघा, तिकडे राजवाड्यात नव्या रीतीची पहिली पंगत अजून चालूच आहे. राजाचं जेवण केव्हाच झालंय. तो तीनदा अर्धा उठला, आणि तिन्ही वेळा शेवंतीने त्याचं उपरणं ओढून त्याला खाली बसवलं. दरबाऱ्यांची जेवणं झालीत. प्रधानाचं झालंय. एकच माणूस राहिलाय. घंटेखाली, आपल्या दोन दातांनी, शेवटची भाकरी चघळत बसलेला सावबा. आणि सगळा दरबार, राजासकट, हाताची घडी घालून त्याच्याकडे बघत बसलाय.

सावबाने घास पुरता चावला. सावकाश गिळला. मग मान वर करून म्हणाला, "असे बघताय काय सगळे? अजून ताक यायचंय."